थोरल्या मास्तरांचं माप

धाकटे मास्तर छप्पन्न वर्षांचे झाले तरी धाकटेच राहिले, कारण थोरले मास्तर अजून वरच्या मजल्यावर खिडकीपाशी बसलेले होते. खाली शिंप्याचं दुकान, वर दोन खोल्या, मधे चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना. दुकानाच्या पाटीवर ‘कपडे दुरुस्त करून मिळतील’ एवढंच लिहिलेलं. नवे कपडे शिवून घ्यायला हल्ली कोण येतो? तयार विकत घ्यायचे आणि अंगाला बसले नाहीत की मास्तरांच्या टेबलावर आणून टाकायचे. मास्तरही लांब ते आखूड करत, घट्ट ते सैल करत, आणि पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाला ‘कापड आटलंय हो, धुतल्यावर आटतंच’ असं सांगून त्याची अब्रू राखत.

अब्रू राखणं हे घरातलंच शिक्षण. हातात कात्री देण्याआधी थोरल्यांनी मुलाला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. गिऱ्हाइकाचं माप कधी मोठ्यानं बोलायचं नाही, मुकाट्यानं वहीत लिहायचं. आणि अंगातला दोष कापडानं झाकायचा. एक खांदा उतरलेला असेल तर त्या बाजूला आतून गादी घालायची, पाठीला बाक असेल तर मागची उंची पाऊण इंच वाढवायची, आणि हे केल्याचा त्या माणसाला पत्ताही लागू द्यायचा नाही. धाकट्यांनी हे इतकं मनावर घेतलं की दुसऱ्यांच्या लग्नाचे कोट शिवता शिवता स्वतःचं लग्न राहून गेलं. निदान ते तसं सांगत. कुणी खोदून विचारलंच तर चार टाचण्या ओठांत धरत आणि कामाला लागत. टाचण्या तोंडात असलेल्या माणसाला कोण बोलायला लावणार?

तीन वर्षांपूर्वी थोरले मास्तर जिन्यावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन घरी आले, तेव्हा शुश्रूषा केंद्राच्या नर्सबाई दोन्ही खोल्या बघून गेल्या आणि एक कागद करून दिला. सकाळी नऊ ते साडेदहा एक बाई येतील, अंघोळ घालतील, नाश्ता आणि गोळ्या देतील. चालणं, कपडे घालणं, जेवणं, बाथरूमला जाणं यांच्यापुढे मात्र ‘स्वतः’ असं लिहिलेलं. तो कागद धाकट्यांनी फ्रिजवर लावला. पुढच्या तीन वर्षांत कागद पिवळा पडला, एक्क्याऐंशीचे थोरले चौऱ्याऐंशीचे झाले, पण कागदावरचं ‘स्वतः’ जागचं हललं नाही.

येणाऱ्या बाईंना दोघंही ‘नऊच्या बाई’ म्हणत. बाई नऊला दोन मिनिटं असताना जिना चढायच्या आणि साडेदहाला उतरायच्या, मग आभाळ कोसळो. त्यात त्यांची चूक नव्हती. साडेदहानंतर आणखी दोन म्हातारे त्यांची वाट बघत असायचे.

आता म्हातारपण काही एका दिवसात दार वाजवून येत नाही. थोरल्यांच्या बोटांना आधी शर्टाची बटणं लागेनाशी झाली. बापाची होणारी फजिती मुलाला बघवेना. एका दुपारी त्यांनी बापाचे पाचही शर्ट खाली नेले, काजं आतून शिवून बुजवली, वरच्या पट्टीवर बटणं नुसती दिसायला टाकली आणि आत टिचबटणं लावली. थोरले बोटांनी दाबत गेले की टिच, टिच, टिच. लांबून बघणाऱ्याला वाटावं, आजोबा किती झरझर बटणं लावतात! थोरल्यांनी पहिल्यांदा शर्ट घातला, टाके निरखले आणि एवढंच म्हणाले, “हात बसला तुझा.” या तीन शब्दांवर धाकटे आठवडाभर खूश होते.

मग कमरेचा पट्टा नकोसा झाला, तेव्हा पँटच्या कमरेत आतून इलॅस्टिक गेलं. हाताला कंप सुटला, बाही सूपात बुडू लागली, तेव्हा बाह्या दीड इंच आखूड झाल्या. कंप चारचौघांत दिसू नये म्हणून जाकिटाला एक खोल खिसा आला, हात आत घातला की झालं. खांद्यांची हाडं वर आली तेव्हा शर्टाच्या आतून पातळ गाद्या बसल्या. आणि दर दोन-तीन महिन्यांनी पँट आणि जाकीट जरा जरा आत घेणं चालूच होतं. थोरले खुर्चीत बसल्या बसल्या म्हणत, “सैल वाटतंय रे.” धाकटे दोन टाचण्या लावत, रात्रीच्या जेवणाआधी टीप मारून आणून देत. टेप लावायचा प्रश्नच नव्हता. चांगल्या शिंप्याची नजर हाच टेप, असं थोरल्यांनीच शिकवलेलं.

वर्षाकाठी नर्सबाई एकदा चौकशीला येत. मागल्या खेपेला त्या आल्या तेव्हा थोरले खिडकीपाशी ताठ बसले होते, कडक इस्त्रीचा शर्ट, जाकीट अंगासरशी, एक हात खिशात. “कपडे स्वतः घालता ना आजोबा?” असं विचारल्यावर थोरल्यांनी वरची दोन बटणं उघडून पुन्हा लावून दाखवली. टिच, टिच. नर्सबाई हसल्या. “माझ्या यादीत इतके नीटनेटके आजोबा दुसरे नाहीत,” म्हणाल्या, कागदावर खूण केली आणि चहाही न घेता पुढच्या घरी गेल्या. त्या गेल्यावर बापलेकांनी एकमेकांकडे बघितलं. परीक्षेत कॉपी करून पास झालेल्या पोरांसारखे दोघंही मनातून खूश होते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नऊच्या बाईंनी मात्र बोलून दाखवलं होतं. एकदा जिना उतरता उतरता दुकानात डोकावून म्हणाल्या, “मास्तर, आजोबा हल्ली पाणी पीत नाहीत हो.” धाकटे ओठांत टाचण्या धरून एका बाईच्या झग्याला गोट बसवत होते. त्यांनी मान हलवली. पुढे एकदा म्हणाल्या, “अंघोळीला उभं करताना दोन वेळा बसावं लागलं त्यांना.” मास्तरांनी मान हलवली. तिसऱ्यांदा त्या ओठ सुकल्याचं सांगायला आल्या तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती आणि मास्तर भलत्याच रागात होते, कारण पाटीवर पुन्हा कबुतरांची घाण पडली होती.

या कबुतरांनी त्यांना जेरीला आणलं होतं. गल्लीत एवढी दुकानं, पण मेली सगळी कबुतरं यांच्याच पाटीवर. मास्तर रोज सकाळी शिडी लावून पाटी धुवत, दुपारी दोनपर्यंत पाटी पुन्हा पांढरी. त्यांनी तारा लावून पाहिल्या, चकचकीत कागद बांधून पाहिले. शेजारच्या चांभाराला ते तावातावानं सांगत, “कुणीतरी यांना खायला घालतंय बघा. सापडू दे एकदा!” चांभार खिळा ठोकता ठोकता हो म्हणे.

एका मंगळवारी दुपारी धाकट्यांनी थोरल्यांची काळी पँट आत घ्यायला टेबलावर घेतली, उलटी केली आणि मागच्या शिवणीवर खडूनं रेघ मारली. मग पँट सुलटी केली आणि बघतच राहिले. मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटले होते.

शिंप्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पँट कमरेला मागून आत घेत गेलं की दोन खिशांमधलं अंतर कमी होत जातं. इंच, दीड इंच घेतला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण खिसे भिडले की तिथं कपड्याची दुरुस्ती संपली. त्यापुढे पँट उसवून, कापून, नव्यानं बेतावी लागते. धाकट्यांनी गिऱ्हाइकांना हे कित्येकदा ऐकवलं होतं, “साहेब, ही पँट आता तुमची राहिली नाही, दुसरी घ्या.” नव्यानं बेतायची तर माप हवं. त्यांनी फळीवरून मापांची जुनी वही काढली. थोरल्यांच्या नावाचं पान ऑपरेशननंतरचं होतं, तेव्हा जखमेच्या पट्टीवरून बसेल अशी सैल पँट शिवली होती. कंबर छत्तीस, छाती एकोणचाळीस, दंड अकरा.

ते टेप गळ्यात टाकून वर गेले.

“माप कशाला?” थोरले म्हणाले. “नजरेनं घे की.”

“नवी पँट करतोय बाबा. जुनीत आता जागा नाही.”

“मग चार दिवसांनी कर. मला कुठं वरातीला जायचंय?”

“उठा बरं जरा.”

थोरले उठले, म्हणजे मुलानं काखेत हात घालून उठवले. कपड्यांवरून माप घ्यायला गेले तर टेपखाली सगळं धाकट्यांचंच काम लागत होतं. गाद्या, अस्तर, इलॅस्टिक, दुमडून आत घेतलेलं कापड. म्हणून त्यांनी जाकीट उतरवलं. मग शर्ट उतरवला. अंघोळ बाईंकडे असल्यामुळे बापाचं उघडं अंग त्यांनी तीन वर्षांत पाहिलंच नव्हतं. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. गळ्याखाली दोन्हीकडे खड्डे. दंडावरची कातडी सैल बाहीसारखी खाली आलेली. टेप कमरेभोवती गेला आणि बोटं अठ्ठावीसवर थांबली. धाकट्यांनी टेप सोडून पुन्हा लावला. अठ्ठावीस. छाती तेहतीस. दंड आठ.

“किती?” थोरल्यांनी विचारलं.

“आहे ठीक,” धाकटे म्हणाले आणि त्यांना शर्ट घालू लागले. टिचबटणं त्यांच्याच बोटांना सापडेनात.

खाली येऊन त्यांनी पानावर जुन्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहिले आणि स्टुलावर बसून राहिले. आठ इंच. हे आठही इंच त्यांच्या हातून गेले होते. दर वेळी त्यांनीच टाचणी लावली, टीप मारली, वरून इस्त्री फिरवली, आणि आपल्या कामावर खूश होऊन बापाला नेऊन दिलं. जगातल्या कुठल्याही माणसाच्या कमरेचा अर्धा इंच कमी-जास्त झालेला ओळखणारा हा मनुष्य! पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्यांना आधी स्वतःचा राग आला, मग भीती वाटली, आणि मग रडू फुटलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं हे नशीब.

दुसऱ्या दिवशी ते बाईंची वाट बघत जिन्याखाली उभे राहिले.

“बाई, बाबा एवढे खंगलेत, तुम्ही बोलला का नाहीत?”

नऊच्या बाईंनी पिशवी खाली ठेवली. “मी नाही बोलले? तीनदा सांगितलं मास्तर. पाणी पीत नाहीत म्हटलं, उभं राहवत नाही म्हटलं, ओठ सुकतात म्हटलं. तुम्ही नुसती मान हलवलीत. मला वाटलं, पोराला माहीत आहे, त्याचं तो बघेल.”

“आणि खाणं?”

“माझ्यासमोर अर्धं अंडं खातात, ते मी माझ्या वहीत लिहिते. साडेदहानंतरचं मला विचारू नका. साडेदहापासून संध्याकाळपर्यंत आजोबा तुमचे.”

तोंडात मारल्यासारखं झालं, पण खोटं काय होतं त्यात? साडेदहा ते सहा, साडेसात तास. त्यात धाकटे दुपारी एकला वर जाऊन जेवण ठेवत आणि गिऱ्हाईक खोळंबेल म्हणून उलट्या पावली खाली येत. सहाला वर जावं तर ताट स्वच्छ. स्वच्छ ताट बघून माणूस आणखी काय विचारणार?

त्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं. मशीन बिघडलंय अशी थाप मारून ते वरच्या आतल्या खोलीत हातशिलाई घेऊन बसले आणि दार किलकिलं ठेवलं. एकला त्यांनी खिडकीपाशी सूप, पाव आणि भाजी ठेवली. “मी आत पडतो जरा,” म्हणाले.

थोरल्यांनी सूपाचे दोन चमचे घेतले. मग आतल्या खोलीकडे एक नजर टाकली, वाटी उचलली आणि उरलेलं सूप खिडकीतल्या कुंडीत ओतलं. त्या कुंडीतलं झाड गेल्या वर्षीच मेलं होतं. का मेलं ते धाकट्यांना आज कळलं. मग पावाचे बारीक बारीक तुकडे करून थोरल्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर मांडले. कबुतरं आधीच येऊन बसली होती. त्यांना वेळ पाठ होती. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय! खाली वर्षभर तारा बांधणारा तो आंधळा आत सुई हातात धरून बसला होता, आणि ओरडावं की काय करावं ते त्याला सुचत नव्हतं.

दोनच्या सुमाराला थोरल्यांनी काठी ओढली. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकले आणि उठायला गेले. ढुंगण वीतभर उचललं आणि परत बसलं. थोडं थांबून पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी उभे राहिले, एक पाऊल टाकलं, काठी थरथरली तशी घाबरून मागे हात चाचपत खुर्चीत कोसळले. बाथरूम तिथून जेमतेम दहा पावलांवर होतं. थोरल्यांनी डोळे मिटले, पाय एकमेकांवर आवळून धरले आणि तसेच बसून राहिले. तीन वाजले, चार वाजले. रोज सहाला धाकटे वर आले की थोरले म्हणायचे, “आलास का? चल, पाय मोकळे करू,” आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आधी बाथरूमला जायचे. धाकट्यांना वाटायचं, बाबांना फिरायची हौस आहे.

म्हणजे म्हातारा उपाशी राहत होता, तहानलेला राहत होता, तो एवढ्यासाठी. आत काही गेलं नाही तर बाहेर जायचं नाही आणि कुणाला हाक मारावी लागायची नाही.

धाकट्यांनी दुसऱ्या सकाळी केंद्राला फोन केला. वर्ष भरायला पाच महिने आहेत, असं पलीकडून कुणीतरी म्हणालं. “पाच महिन्यांत बाबा राहायचे नाहीत,” धाकटे म्हणाले, आणि आपल्या तोंडून हे बाहेर पडलं याचं त्यांनाच नवल वाटलं. नर्सबाई सोमवारी यायच्या ठरल्या.

थोरल्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी काठी हाताशी ओढली. मग म्हणाले, “पुढच्या गल्लीतला छत्रीवाला. त्याच्याकडेही अशीच बाई आली होती तपासायला. आठ दिवसांत नेला त्याला. परत आला का?”

“नाही.”

“मग? मला बसल्या जागी मरू दे. पण इथं.” आणि थोड्या वेळानं, जसं काही बोललोच नाही अशा आवाजात, “माझा राखाडी कोट काढ. जरा अंगासरशी करून ठेव सोमवारच्या आत.”

राखाडी कोट थोरल्यांनी स्वतः शिवलेला, शेवटचा. रविवारी दुपारी धाकट्यांनी तो टेबलावर पसरला. दोन तासांचं काम. बगलेची शिवण उसवायची, मागून दोन्ही बाजूंना चिमटे घ्यायचे, खांद्यांत गाद्या, बाही आखूड. सोमवारी बाबा पुन्हा ताठ दिसतील, नर्सबाई हसतील, खूण करतील. बाबांना कुणी कुठं नेणार नाही. त्यांच्या हाताला ते सगळं करायची इतकी सवय होती की दोन टाचण्या लागल्यादेखील. आणि कोट न बसवता दिला तर? नर्सबाई म्हणाल्या, घरी ठेवण्यासारखे राहिले नाहीत, तर? बाप आपल्या हातानं घालवल्यासारखं होईल. धाकटे बराच वेळ तसेच उभे होते. शेवटी त्यांनी टाचण्या काढून डबीत टाकल्या, कोटाला नुसती इस्त्री केली आणि हँगरला लावला.

सोमवारी बाईंनी थोरल्यांना अंघोळ घातली, आणि तिसऱ्या प्रहरी धाकट्यांनी कोट पुढे धरला. थोरल्यांनी एक हात घातला, दुसरा घातला. आरशाची गरज नव्हती. त्यांनी खांद्याकडे बघितलं, बाहीत बुडालेल्या बोटांकडे बघितलं.

“बसवला नाहीस.”

“नाही.”

थोरल्यांनी बोटं बाहीत आणखी आत ओढून घेतली. शिव्या दिल्या असत्या तर धाकट्यांना बरं वाटलं असतं.

साडेतीनला नर्सबाई आल्या, त्याच मागच्या. दारातूनच “कसं काय आजोबा?” म्हणाल्या आणि जवळ येता येता त्यांचं हसू कमी होत गेलं. कॉलर आणि मान यांच्यात एक अख्खा हात गेला असता. तरी थोरले हरायला तयार नव्हते. “उत्तम,” ते म्हणाले. खुर्चीवर बसून त्या विचारू लागल्या. जेवण? “भरपूर.” चालणं? “रोज पाय मोकळे करतो.” बाथरूम? “स्वतः.” नर्सबाईंचं पेन कागदाकडे वळलं.

“थांबा,” धाकटे म्हणाले. खिशातून त्यांनी मापांची वही काढली. आयुष्यात पहिल्यांदा ते माणसाचं माप त्या माणसासमोर मोठ्यानं वाचत होते, आणि तो माणूस त्यांचा उस्ताद होता. “तीन वर्षांपूर्वी कंबर छत्तीस. आता अठ्ठावीस. छाती एकोणचाळीस. आता तेहतीस. दंड अकरा, आता आठ.” त्यांनी वही मिटली. “शर्टाला बटणं नाहीत, टिचबटणं आहेत. मी लावलीत. खिसा हात लपवायला आहे. दुपारचं जेवण कबुतरं खातात. साडेदहापासून सहापर्यंत ते खुर्चीतून उठत नाहीत, उठता येत नाही म्हणून.”

थोरल्यांनी मान खिडकीकडे वळवली होती. त्यांचा कान लाल झाला होता.

नर्सबाईंनी पेन ठेवलं. थोरल्यांच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. जीभ बघितली. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात विचारलं, “आजोबा, आज बाथरूमला शेवटचं कधी गेलात?”

“बाई होत्या तेव्हा,” थोरले खिडकीलाच सांगत असल्यासारखे म्हणाले.

“मागच्या खेपेला मी इथं बसून कपडे बघून गेले,” नर्सबाई म्हणाल्या. “माणूस बघितला नाही. ती माझी चूक.” मग त्या धाकट्यांकडे वळल्या. “पण मास्तर, फ्रिजवरचा तो कागद तीन वर्षांपूर्वीच्या आजोबांचा आहे. वजन उतरलं, पाणी पिणं कमी झालं, उठताना दोनदा बसावं लागलं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच आठवड्यात कळवायचं. वर्ष भरायची वाट बघायची नाही. आणि बाई काही सांगत आल्या की हातातलं काम ठेवून ऐकायचं.”

“हो,” धाकटे म्हणाले.

नर्सबाईंनी नवा कागद काढला. दिवसातून तीनदा माणूस येईल, दुपारचं जेवण समोर बसून भरवलं जाईल, खुर्चीशेजारी शौचाच्या भांड्याची खुर्ची, हाताशी घंटी, दर आठवड्याला वजन, आणि उद्याच डॉक्टर, कारण एवढं वजन नुसत्या न खाण्यानंच गेलंय का तेही पाहायला हवं.

“घरीच?” धाकट्यांनी विचारलं.

“घरीच. डॉक्टरांनी दाखल करायला सांगितलं तरी चार दिवसांसाठी. आणखी दोन महिने गेले असते तर मला वेगळं लिहावं लागलं असतं.”

त्या लिहीत राहिल्या. धाकटे बापाच्या खुर्चीपाशी खाली जमिनीवर बसले, माप घेताना बसतात तसे. “बाबा, एक हाक मारायची होतीत. मी खालीच होतो ना. बोलला का नाहीत?”

थोरल्यांनी मान वळवली. चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. “काय बोलायचं? तुला माहीत होतं की.”

“मला कुठून माहीत असणार?”

“तू आत घेत होतास ना?” थोरले म्हणाले. “पहिल्यांदा घेतलंस, वाटलं, आता विचारशील. विचारलं नाहीस. मग परत घेतलंस. दर वेळी वाट बघायचो. मग म्हटलं, शिंपी आहे, त्याला दिसणार नाही तर कुणाला दिसेल? दिसतंय आणि गप्प आहे, म्हणजे पोरानं मनाशी ठरवलंय. म्हाताऱ्याला आता असाच जाऊ द्यायचा, नीटनेटका, कुणाला कळू न देता.” त्यांनी थरथरता हात कोटाच्या सैल बाहीतून बाहेर काढला. “मी म्हटलं, बरं आहे. तसं तर तसं.”

नर्सबाईंचं पेन थांबलं. धाकटे गुडघ्यांवर पुढे सरकले. त्यांनी बापाचा तो हात दोन्ही हातांत धरला आणि नुसती मान हलवत राहिले, नाही, नाही.

“नव्हतं ठरवलं?” थोरल्यांनी विचारलं.

“नाही हो बाबा. मला दिसलंच नाही.”

थोरले मुलाच्या तोंडाकडे बघत बसले. मग दुसरा हात त्याच्या खांद्यावर टेकवून म्हणाले, “मग ऊठ, मला धर. सकाळपासून जायचंय मला.”